एका तारेची कमाई

मराठी भाषेत तुणतुण्याला फारसा मान नाही. एखादा माणूस एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगू लागला की आपण म्हणतो, 'याचे तुणतुणे चालूच आहे.' वीणेला सरस्वतीच्या हातात जागा मिळाली, तंबोऱ्याला दिवाणखान्यात रेशमी गवसणी मिळाली. तुणतुणे मात्र खुंटीला टांगलेलेच राहिले. कामगार संघटनेत ज्यांची हयात गेली त्या आमच्यासारख्यांना हा टोमणा अंगवळणी पडलेला आहे. वेळेवर पगार, किमान वेतन, आठ तासांचा दिवस, हेच तुणतुणे आम्ही जन्मभर वाजवीत आलो. तेव्हा या वाद्याची बाजू मांडण्याचा थोडासा अधिकार आम्हांला आहे, असे धरून चालावे.

विषय तसा साधा आहे. परंपरेने चालत आलेल्या तंतुवाद्यांत आणि गाण्यांत आजच्या काळाचे संगीत, आजचा विषय मिसळला तर ती मिसळ म्हणावयाची की भेसळ? हा प्रश्न नवरात्रात निघतो, जयंतीच्या मिरवणुकीत निघतो, लग्नाच्या मांडवातही निघतो. वडीलधारे म्हणतात, पोरांनी जुन्याचा नाश केला. पोरे म्हणतात, जुने होते तसेच ठेवले असते तर ते ऐकावयास कोण बसले असते? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु या भांडणात एक तिसरा माणूस नेहमी विसरला जातो. तो म्हणजे प्रत्यक्ष तार छेडणारा. त्याचे पोट कोणी भरले, या प्रश्नापासून आरंभ केला तर मिसळ आणि भेसळ यांतला भेद आपोआप उलगडतो, असे आमचे म्हणणे आहे.

वाद्याची घडण

प्रथम वाद्य पाहू. दोन्हीकडून मोकळे असे पोकळ लाकडी नळकांडे घ्यावयाचे. आकाराने धान्य मोजण्याच्या मापाएवढे. त्याच्या बुडाला कातडे ताणून बसवावयाचे. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला वर उंच जाणारी एक काठी ठोकावयाची आणि तिच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध छिद्र पाडून त्यातून एक तार ओवावयाची, ती खालून निसटू नये म्हणून अडकवावयाची आणि वर खुंटीला गुंडाळून पिळावयाची. झाले तुणतुणे. काखेत धरावे आणि लाकडाच्या लहानशा तुकड्याने छेडावे.

एवढ्याशा वस्तूत काय सामर्थ्य आहे? दोन कामे ती एकाच वेळी करते. तंबोऱ्याप्रमाणे गाणाराला षड्ज धरून देते, आणि तार कुरवाळण्याऐवजी तडातडा छेडली जात असल्यामुळे लयही धरते. शिवाय तिचा ताण थेट कातड्यावर येत असल्यामुळे आवाज टणत्कारी आणि चिरका निघतो. दिवाणखान्यात तो कानाला खुपेल. पण उघड्या माळावर हजार माणसे बसली आहेत आणि ध्वनिक्षेपक नाही, अशा जागी तोच आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणजे ज्याला आपण वाद्याचा गावंढळपणा समजतो, तो वस्तुतः त्याच्या कामाला लागणारा गुण आहे. कुदळीला नक्षी नसते म्हणून ती वाईट हत्यार ठरत नाही.

पोवाड्याच्या वेळी शाहीर डफ घेऊन पुढे असतो. मागे झीलकरी असतात. त्यांच्यापैकी एकाजवळ तुणतुणे, एकाजवळ झांज. शाहिराचा चौक संपत आला की ते 'जी जी रं जी' म्हणून झील उचलतात. ऐकणाऱ्याला ती सजावट वाटते. खरे पाहता शाहिराला दम घ्यावयास मिळावा, पुढचा चौक आठवावा आणि तोवर सूर पडू नये, यासाठी ही योजना आहे. शाहिराचा श्वास मागच्या माणसाने सांभाळलेला असतो. पत्रिकेवर मात्र नाव एकट्या शाहिराचे असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

तार कोणाच्या दारात वाजत होती

तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका यांचा गोंधळ घालणारे गोंधळी संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी घेऊन यजमानाच्या दारी येत. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे खडी गंमत होती. डफ, ढोलकी आणि तुणतुणे हाच तिचा सरंजाम. कलगी आणि तुरा अशा दोन पक्षांचे शाहीर रात्रभर सवाल-जबाब करीत आणि झाडीपट्टीत दंडार उभी राही. गोंडांचे परधान किंगरी वाजवून गोंड घराण्यांच्या वंशावळी आणि देवकथा गात; ते त्यांचे पिढीजात कामच होते.

या सर्व प्रकारांत एक समान धागा दिसतो. वाजविणारा कोणाच्या तरी दाराशी बांधलेला होता. यजमान, पाटील, मालगुजार यांनी धान्य द्यावे, लुगडे-धोतर द्यावे आणि त्याने त्यांच्या कुळाचे गावे. ही व्यवस्था अन्नाची हमी देई, पण तोंडाला लगामही घाली. ज्याचे खावे त्याच्या विरुद्ध तार कशी छेडावी?

हा लगाम आधी सत्यशोधकांनी सैल केला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्या चळवळीच्या जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यात भटशाहीचा, सावकारीचा आणि शिक्षणाचा विषय भरला. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी ढोलकी-तुणतुण्यावर मनुष्यपणाच्या हक्काची गोष्ट सांगितली. वाद्य तेच, चाल बहुतेक तीच. यजमान मात्र बदलला. आता यजमान म्हणजे समोर बसलेली सारी वस्ती.

गिरणगाव

यापुढची मजल मुंबईच्या गिरणगावात मारली गेली. परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्या-सांगलीहून, पुणे-नगरकडून माणसे आली. त्यांनी वळकटीबरोबर आपापली गाणीही आणली. एकाच चाळीत कोकणच्या शक्ती-तुऱ्याचे बोल आणि देशावरच्या पोवाड्याची झील कानावर पडू लागली. नवे संगीत जन्मास येण्यास जी दाटी लागते, ती तेथे आयतीच होती.

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी झाला. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही. घराण्यात तमाशा होता आणि मुंबईत पडेल ते अंगमेहनतीचे काम होते. अमर शेख यांचा जन्म १९१६ साली बार्शीचा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी ओव्या गाणारी; मुलाच्या पहाडी आवाजाची पहिली शाळा ती जात्यावरची. या दोघांनी आणि शाहीर गव्हाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले.

या मंडळींनी नेमके काय मिसळले, हे पाहण्यासारखे आहे. तमाशाचा आरंभ गणाने होतो. त्या जागी त्यांनी कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन घातले. गवळण गाळली. सोंगाड्या ठेवला, कारण मालकाची आणि सावकाराची फजिती त्याच्याइतकी कोणीच करू शकत नव्हता. जो पोवाडा शतकानुशतके आपल्या गडकोटांच्या लढाया सांगत आला, त्यात अण्णाभाऊंनी १९४३ साली स्तालिनग्राडची लढाई बसविली. ज्या कामगाराला नकाशात रशिया दाखविता आला नसता, त्याला व्होल्गाकाठच्या त्या शहरातील घराघरांतून झालेली झुंज तुणतुण्याच्या तारेवर कळली. बंगालचा दुष्काळही त्यांनी असाच गाण्यातून सांगितला. छक्कड हा तमाशातील शृंगाराचा प्रकार. गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढणाऱ्या गिरणी कामगाराची छक्कड त्यांनी अशी रचली की ऐकता ऐकता ती बायको म्हणजेच महाराष्ट्रापासून तुटलेला सीमाभाग होऊन जाते. 'माझी मैना गावावर राहिली' ही ती रचना. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती गावोगाव गाजली. १ मे १९६० रोजी राज्य झाले, पण बेळगाव-कारवारची मैना अजून गावावरच आहे.

तमाशावर सरकारी बंदीचे दिवस आले तेव्हा याच मंडळींनी आपल्या खेळाला लोकनाट्य म्हणावयास आरंभ केला. नाव बदलले, तार बदलली नाही.

आता आमचा मूळ प्रश्न विचारू. ही मिसळ झाली की भेसळ? आमच्या मते मिसळ, आणि ती तीन कारणांनी. पहिले, वाद्याला त्याचे मूळ काम राहिले. ते शोभेला उभे केलेले नव्हते, सूर आणि लय तेच धरीत होते. दुसरे, ऐकणाऱ्याची भाषा सोडली नव्हती. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, काय गावयाचे हे गाणारे स्वतः ठरवीत होते.

परंतु पोटाचा हिशेब येथेही जमला नाही, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अण्णाभाऊंनी अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली. तेथे राहूनच त्यांनी विपुल लिहिले. १९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले तेव्हा दारिद्र्य संपलेले नव्हते. त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. २०२२ साली मॉस्को येथे अण्णाभाऊंचा पुतळा बसला. चांगली गोष्ट झाली. पण पुतळ्याला भूक लागत नाही. ती माणसाला लागते, आणि तो जिवंत असताना लागते.

दूरच्या एका देशातील तार

आता थोडे दूर जाऊ. आफ्रिकेच्या पश्चिम भागात माली, गिनी, सेनेगल, गांबिया या देशांत मांडिंगो लोक राहतात. त्यांच्यात 'जेली' नावाचा पिढीजात गायक-वादकांचा वर्ग आहे. राजांच्या वंशावळी पाठ ठेवणे, तेराव्या शतकात माली साम्राज्य स्थापणाऱ्या सुंजाताची गाथा गाणे, लग्न-बारशाला हजर राहणे, भांडणात मध्यस्थी करणे ही त्यांची कामे. आपल्या परधानाला तेथे उतरविले तर त्याला आपल्याच भावकीत आल्यासारखे वाटेल.

त्यांचे मुख्य वाद्य कोरा. मोठा भोपळा अर्धा चिरून त्यावर गाईचे कातडे ताणतात, त्यातून लांब दांडी काढतात आणि उभ्या घोडीच्या दोन्ही बाजूंनी तारा बसवितात: एकीकडे ११, दुसरीकडे १०, मिळून २१. पूर्वी त्या कातड्याच्या वादीच्या असत, आता मासे धरण्याच्या नायलॉन दोरीच्या असतात. वादक वाद्य समोर धरून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी एवढ्यांनीच वाजवितो. अंगठे खालचा ठेका धरतात आणि तर्जनी वर स्वरांची जाळी विणते. आपले तुणतुणे एका तारेत सूर आणि लय जमविते. त्यांचा कोरा एकवीस तारांत तेच करून वर गाणेही वाजवितो.

माली देश १९६० साली फ्रेंचांपासून स्वतंत्र झाला. त्यापूर्वी १९४७ च्या ऑक्टोबरपासून १९४८ च्या मार्चपर्यंत डाकार-नायजर लोहमार्गावरील आफ्रिकी कामगारांनी संप केला होता. गोऱ्या कामगारांना मिळते ते आम्हांलाही मिळावे, ही मागणी. सेंबेन उस्मान या लेखकाने त्यावर १९६० साली कादंबरी लिहिली. पुढे १९७० साली त्याच मार्गावरील बामाको स्थानकाच्या उपाहारगृहात एक वाद्यवृंद बसू लागला. रेल्वेच्या आश्रयाने चाललेला म्हणून त्याचे नाव रेल बँड. विजेवरची गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन अशी वाद्ये. पण गाणी जेलींची, आणि गिटारवर उतरविलेली बोटे कोऱ्याची आणि त्यांच्या जुन्या लहान तंतुवाद्यांची. आगगाडीची वाट पाहणारा उतारू सुंजाताची गाथा नव्या सुरांत ऐके. ज्यांना कुहीवरून जाणारी नागपूर-नागभीडची लहान गाडी आठवते, त्यांनी क्षणभर कल्पना करावी की आपल्या फलाटावर रोज संध्याकाळी पगारी खडी गंमत उभी राहत आहे. ती गाडी रुळांच्या रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. गंमत मात्र त्या फलाटावर कधी लागलीच नव्हती.

या रेल बँडमध्ये गिनीच्या जेली घराण्यातील मोरी कांते नावाचा तरुण होता. जन्म १९५०. १९७३ साली सालिफ केइता हा मुख्य गायक दुसरीकडे गेला तेव्हा त्याची जागा मोरी कांतेला मिळाली. नंतर त्याने कोऱ्याची सांगड विजेच्या वाद्यांशी आणि नाचाच्या नव्या ठेक्याशी घातली. १९८७ साली निघालेले 'ये के ये के' हे त्याचे गाणे जुन्या मांडिंका गाण्यावर बेतलेले होते. युरोपात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. कोणा आफ्रिकी गायकाच्या एका गाण्याची एवढी विक्री तोवर झाली नव्हती. २०२० साली तो वारला. त्याच्याच परंपरेतील तुमानी दियाबाते (१९६५-२०२४) याने उलट वाट धरली. नुसता कोरा एकट्याने वाजवूनही जगाला ऐकविता येतो हे त्याने दाखविले, आणि त्याच सुमारास स्पेनच्या फ्लामेंको वादकांबरोबरही तो बसला. एकाने वाद्य नाचघरात नेले, दुसऱ्याने सभागृहात. दोघांच्याही हातात कोरा कोराच राहिला.

यात आम्हांला घेण्यासारखे काय दिसते? रेल बँडच्या वादकाला संध्याकाळच्या जेवणाची चिंता करावी लागू नये, एवढी सोय एका सार्वजनिक खात्याने केली, आणि त्या निश्चिंततेतून नवे संगीत निघाले. नवे करून पाहण्यास धैर्य लागते हे खरे. परंतु उपाशी माणसाचे धैर्य एका रात्रीपुरते असते. नियमित पगार हे कलेचे मारक आहे असे म्हणणारे बहुधा स्वतः नियमित पगार घेणारे असतात.

विठ्ठल उमप

पुन्हा आपल्याकडे वळू. शाहीर विठ्ठल उमप यांचा जन्म १५ जुलै १९३१ रोजी मुंबईत नायगाव येथे झाला. आंबेडकरी गीतांपासून त्यांनी आरंभ केला. पुढे लोकगीत, कव्वाली, गझल, नाटक, चित्रपट या सर्व वाटांनी ते गेले आणि प्रत्येक ठिकाणी आपला गळा शाहिराचाच ठेवला. त्यांचे 'जांभूळ आख्यान' हे त्याचे उत्तम उदाहरण. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उपजलेल्या ओढीची ही लोककथा त्यांनी रंगभूमीवर आणली. गोंधळाची मांडणी जशीच्या तशी, आणि तिच्यात एका स्त्रीच्या मनाचा आजच्या माणसाला कळणारा शोध. जे अंगणात रात्रभर चाले, ते तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी नाट्यगृहात पाहिले. १९८३ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील लोककला महोत्सवात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. २००८ च्या 'टिंग्या' चित्रपटातही ते होते.

त्यांचा शेवट आपल्या नागपूरचा. २६ नोव्हेंबर २०१० रोजी दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात मंचावरच ते कोसळले आणि गेले. ज्या भूमीसाठी गळा झिजविला, तिच्यावरच तो थांबला. संविधान दिनाच्या तारखेलाच हे घडले, ही गोष्ट नागपूरकर विसरणार नाहीत.

श्रोता गेला म्हणजे

वाद्य मरते कसे, हे आता थोडक्यात सांगतो. ते गिटार आल्याने मरत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आपल्या नागपूरची, १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिलही पुढे बंद झाली. लोकांनी बुडालेल्या पगाराचा हिशेब केला, आणि तो करावयासच हवा होता. परंतु चाळी रिकाम्या झाल्या तेव्हा शक्ती-तुऱ्याचा, भजनाचा, लोकनाट्याचा श्रोताही पांगला. भरपाईच्या कोणत्याही अर्जात त्याचा रकाना नव्हता.

आपल्या तालुक्याला हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि कुही तालुक्यातील गावे उठली. शेत मोजले, घर मोजले, विहीर मोजली, झाडेसुद्धा मोजली. ज्या चावडीपुढे दंडार उभी राहत असे ती चावडी आणि तिच्यापुढे बसणारी माणसे एका ठिकाणी राहतील की नाही, हे कोणी मोजले नाही. घर दुसरीकडे बांधता येते. चाळीस घरे चार दिशांना गेली तर झील कोण उचलणार? ज्या आंभोऱ्याला मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' रचला अशी परंपरा आहे, जेथे मराठी कवितेचा उगम सांगतात, त्याच पाण्याच्या काठचे हे दुःख आहे.

म्हणून आमचे सांगणे हे, की पोरांनी तुणतुण्याशेजारी कीबोर्ड ठेवला तर रागावू नये. फक्त तीन गोष्टी विचाराव्या. तार खरोखर वाजते आहे, की नुसती हातात धरली आहे? ध्वनिक्षेपक तिच्यापुढेही ठेवला आहे काय? आणि तार छेडणाऱ्याला ठरलेले पैसे कार्यक्रमाच्या रात्रीच मिळाले काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ती मिसळ. नसेल तर भेसळ, मग वाद्ये कितीही जुनी असोत.

यात सरकारने करण्यासारखे आहे, तसे आपणही करण्यासारखे आहे. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना आहे. तिच्यासाठी कलेचे पुरावे लागतात: पत्रिका, छायाचित्रे, प्रमाणपत्रे. शाहिराजवळ ते निघतात. झीलकऱ्याजवळ काय निघणार? त्याचे नाव कोठे छापलेच नव्हते. तेव्हा उत्सव मंडळांनी एवढे करावे, की यापुढे पत्रिकेवर शाहिराच्या नावाखाली तुणतुणेवाल्याचे, झांजवाल्याचे, ढोलकीवाल्याचे नावही छापावे आणि दिलेल्या बिदागीची पावती करून द्यावी. यास खर्च शाईच्या एका ओळीचा. साठाव्या वर्षी तीच ओळ त्या माणसाच्या भाकरीचा पुरावा ठरेल.

आमचे तुणतुणे एवढेच आहे. ते एका तारेचे आहे, हे आम्हांस मान्य आहे.